लिमिटेड एडिशन डिस्क उचलायच्या आणि दुसऱ्या दिवशी चौपट भावाने विकायच्या, याला आळा कसा घालायचा?

रीळवेडा (न्यू जर्सी)

मंडळी, ब्लूरे आणि फोरके डिस्क जमवणारे आपण इथे मोजकेच, पण दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच की अमुक सिनेमाची डिस्क ईबेवर दीडशे डॉलरला दिसतेय, घेऊ का? त्यावर एकदा नीट बोलूया म्हणून वेगळा धागा काढलाय. लांबलाय जरा, सांभाळून घ्या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जो माणूस डिस्क बघायला घेतच नाही, फक्त प्रती कमी आहेत म्हणून चार-पाच उचलतो आणि पार्सल घरी यायच्या आधी ईबेवर लिस्टिंग टाकतो, त्याने त्या सिनेमासाठी काडीचंही काम केलेलं नसतं. हक्क मिळवले लेबलने, म्हणजे डिस्क काढणाऱ्या कंपनीने, निगेटिव्ह जपली आणि स्कॅन केली स्टुडिओने, पुस्तिका लिहिली कोणा अभ्यासकाने, आणि वरचे शंभर डॉलर गेले भलत्याच्याच खिशात. त्यातला एक सेंटसुद्धा पुढच्या सिनेमाच्या डिस्कला लागत नाही. भाव वाढतात याचा राग नाही मला, ते पैसे जातात कुठे याचा आहे.

उदाहरण म्हणून ट्वायलाइट टाइम घेऊया कारण या सगळ्या प्रकाराचा अख्खा जन्म-मृत्यू त्या एका लेबलमध्ये बघायला मिळतो. २०११ मध्ये निक रेडमन आणि ब्रायन जेमिसन यांनी ते सुरू केलं. सोनी, फॉक्स यांच्या गोदामात पडलेले जुने सिनेमे, जे स्टुडिओला स्वतः काढण्यात रस नव्हता, ते हे लोक लायसन्सवर घ्यायचे आणि बहुतेक वेळा ३००० प्रती काढायचे. किंमत साधारण ३० डॉलर, विक्री मुख्यतः एकाच ऑनलाइन दुकानातून. जवळजवळ प्रत्येक डिस्कवर सिनेमाचं नुसतं संगीत वेगळ्या ट्रॅकवर असायचं, आणि आत जूली किर्गो यांनी लिहिलेली छोटी पुस्तिका. संगीताच्या वेड्यांसाठी तर खजिनाच होता तो.

डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी १९८५ चा 'फ्राइट नाइट' काढला आणि बघता बघता ३००० प्रती संपल्या. लगेच ईबेवर शंभराच्या वरचे आकडे. २०१५ मध्ये तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने त्यांनी परत ५००० काढल्या, त्याही संपल्या, परत तेच. आणि २०२२ मध्ये सोनीने स्वतःच फोरकेवर तोच सिनेमा काढला, साध्या दुकानात साध्या भावात. मधल्या दहा-अकरा वर्षांत ज्यांनी तिप्पट-चौपट मोजले त्यांच्याकडे आज जुनी, कमी दर्जाची प्रत आहे.

दुसरी बाजू पण बघा. २०१९ मध्ये रेडमन गेले आणि २०२० च्या मे महिन्यात लेबलने गाशा गुंडाळला. तेव्हा जो सेल लागला त्यात काही डिस्क ५ डॉलरच्याही खाली गेल्या. त्यासुद्धा मर्यादितच होत्या की! म्हणजे प्रती कमी काढल्याने भाव चढत नाही, भाव चढतो तो 'आता नाही घेतली तर कधीच मिळणार नाही' या धास्तीने. आणि फ्लिपर लोक, म्हणजे घेऊन लगेच चढ्या भावात विकणारे, ती धास्तीच विकतात.

तुमची मतं सांगा. विशेषतः जे विकतात त्यांनीही मोकळेपणाने लिहा.

मुक्ता_एल (लंडन)

चांगला धागा. इकडे युकेत प्रकार थोडा वेगळा आहे म्हणून लिहिते. इथली बरीच लेबलं आधी लिमिटेड काढतात, म्हणजे कडक खोका, जाड पुस्तक, पोस्टर, आर्टकार्ड वगैरे, आणि ती संपली की काही महिन्यांनी स्टँडर्ड एडिशन येते, ज्यात डिस्क तीच असते. ॲरोचं बहुतेक वेळा असंच असतं. सेकंड साइटने २०२० मध्ये १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'चा मोठा बॉक्स काढला होता, तो संपल्यावर लोक वेड्यासारखे भाव लावत होते आणि मग साधी आवृत्ती आलीच. ज्याला सिनेमा बघायचाय त्याचं काही अडलं नाही, ज्याला पुस्तक आणि खोका हवा होता तो मात्र अडकला.

म्हणून मी कोणालाही हेच सांगते, आधी स्वतःला विचारा की सिनेमा हवाय की खोका? खोका हवा असेल तर त्यात काही वाईट नाही, मलाही आवडतात, पण मग तो छापील भावातच घ्यायचा, प्रीऑर्डरला अलार्म लावून. नाही मिळाला तर सोडून द्यायचा.

स्टीलबुकचं तर विचारूच नका. पत्र्याच्या डबीवर चित्र बदललं की नवीन 'कलेक्टिबल'. आत डिस्क जुनीच.

सरळव्याज (बे एरिया)

रीळवेडा, तुम्ही विकणाऱ्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितोय. मी विकतो. पूर्णवेळ नाही, पण गेली काही वर्षं नियमित. चोरी करत नाही, छापील भावात घेतो, जास्त भावाने विकतो, आणि ज्याला परवडतं तो स्वतःहून घेतो. बंदूक लावत नाही कोणाला.

बाहेरून दिसतं तसं सोपं नाहीये हे. ईबे डिस्कवर साधारण १५ टक्के कापतं. वर बबल रॅप, खोका, पोस्टेज. एखाद्याने 'कोपरा दबलाय' म्हणून परत पाठवली की दोन्हीकडचं पोस्टेज माझ्याच डोक्यावर. आणि तुम्हीच लिहिलंत ना की काही डिस्क ५ डॉलरला गेल्या, तर त्याच डिस्क घेऊन बसलेले माझ्यासारखे पण होते. एका टायटलवर कमावलं ते दुसऱ्या दोनवर जातं.

शिवाय जो माणूस तीन वर्षांनी या छंदात येतो त्याला ती डिस्क मिळणार कुठून? लेबलकडे नाही, दुकानात नाही. कोणीतरी ठेवली होती म्हणूनच मिळते. माझ्याकडून एका गृहस्थांनी त्यांच्या वडिलांच्या आवडीचा एक जुना म्युझिकल घेतला होता, किती वर्षं शोधत होते. त्यांनी जास्त पैसे दिले, पण मिळाला त्यांना. त्याला तुम्ही काय म्हणाल?

रीळवेडा

सरळव्याज, मोकळेपणाने लिहिलंत, आभार. त्या गृहस्थांना डिस्क मिळाली हे चांगलंच झालं. जी डिस्क खरोखर बंद झालीये, वर्षानुवर्षं कोणी काढलेली नाही, ती कोणी जपून ठेवली आणि जास्त भावात दिली तर त्यावर माझा आक्षेप नाहीच. जुन्या पुस्तकांची दुकानं यावरच चालतात, आणि चालावीत.

माझा आक्षेप आहे तो पहिल्या तासाबद्दल. प्रीऑर्डर सकाळी उघडते, दहा मिनिटांत संपते, आणि अकराव्या मिनिटाला ईबेवर पन्नास लिस्टिंग दिसतात, तेही अजून छापल्या न गेलेल्या डिस्कचे! तिथे जपणूक कसली? ज्याला त्या दिवशी ऑफिसात मीटिंग होती त्याच्या हातची प्रत हिसकावून त्यालाच परत विकायची, एवढंच. रेल्वेच्या तत्काळ तिकिटांवर एजंट बसायचे तसं आहे हे, गाडी तीच, सीट तीच, मधला माणूस फक्त रांगेत पुढे घुसलेला.

धोका पत्करता म्हणालात, तर प्रीऑर्डर बऱ्याच ठिकाणी माल निघेपर्यंत रद्द करता येते. भाव चढला नाही की रद्द. मग लेबलला वाटतं ३००० खपल्या आणि ऐन वेळी काही शे परत येतात, हे मी एका छोट्या लेबलच्या माणसाकडून प्रत्यक्ष ऐकलंय.

ॲड_सुमेधा (शिकागो)

कायद्याचं थोडं सांगते कारण 'हे बेकायदेशीर का नाही' असा प्रश्न नेहमी येतो.

अमेरिकेत एकदा कायदेशीर विकत घेतलेली प्रत पुढे विकायला हक्कधारकाची परवानगी लागत नाही. मूळ निकाल १९०८ चा आहे, बॉब्स-मेरिल विरुद्ध स्ट्रॉस. आणि गंमत बघा, तिथे भांडण उलटं होतं! प्रकाशकाने पुस्तकात छापलं होतं की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकाल तर हक्कभंग मानू, आणि मेसीज दुकान ८९ सेंटला विकत होतं. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पहिल्या विक्रीनंतर पुढची किंमत ठरवायचा अधिकार तुम्हाला कॉपीराइटमधून मिळत नाही. आज तो नियम कॉपीराइट कायद्याच्या कलम १०९ मध्ये आहे. २०१३ मध्ये कर्टसेंग खटल्यात हेच परदेशात घेतलेल्या प्रतींनाही लागू झालं, तो थायलंडचा विद्यार्थी तिकडची स्वस्त पाठ्यपुस्तकं आणून अमेरिकेत विकत होता.

तेव्हा महाग विकणाऱ्याला आणि स्वस्त विकणाऱ्याला एकच कायदा वाचवतो. सेकंडहँड दुकानात ३ डॉलरला मिळणारी डीव्हीडीसुद्धा याच नियमामुळे मिळते. तो नियम मोडावा असं मला मुळीच वाटत नाही. बॉट, म्हणजे आपोआप खरेदी करणारे प्रोग्राम, वापरून तिकिटं उचलण्याविरुद्ध २०१६ चा फेडरल कायदा आहे पण तो कार्यक्रमांच्या तिकिटांपुरता, डिस्कला लागू नाही. त्यामुळे जे काही करायचं ते लेबलनी आणि घेणाऱ्यांनीच करायचं.

कॅसेटकाका (पुणे)

वाचतोय. आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्याच रूपात आहे. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणली तेव्हा आम्ही पिशव्या भरभरून घ्यायचो, पायरसीवाल्यांशी किमतीत टक्कर देणारी कंपनी ती. त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल की या वस्तू कधी मिळेनाशा होतील. मग दुकानं एकेक मिटली. मुंबईचं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ च्या २९ फेब्रुवारीला बंद झालं, मोझर बेअर स्वतः पुढे दिवाळखोरीत गेली.

आता होतं काय, की जुन्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी, ज्या तेव्हा चहा-वड्याच्या पैशात मिळायच्या, त्या जुन्या सामानाच्या साइटवर काही लोक हजार-दीड हजाराला टाकतात. त्या कोणी 'लिमिटेड' म्हणून काढल्या नव्हत्या. परत छापल्या नाहीत एवढंच. आणि यातली कित्येक नाटकं अन्यत्र कुठेही नाहीत, यूट्यूबवर असली तर तुकड्यातुकड्यात, आवाज एकीकडे चित्र एकीकडे. मूळ संचातले कलाकार आज हयात नाहीत, मास्टर टेप कुठे आहे कोणाला पत्ता नाही.

रीळवेडा, तुमच्या तिकडे निदान लेबल आहे जे पाच वर्षांनी का होईना परत काढेल. आमच्या व्हीसीडीला वाली नाही. म्हणून मला सरळव्याज यांचं म्हणणं अर्धं पटतं. कोणी ठेवलं म्हणून आहे. पण ठेवणाऱ्याने ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतलीये का, हा माझा खरा प्रश्न. तसं न करता नुसतं प्लास्टिकच्या पिशवीत भाव चढायची वाट बघत ठेवलं तर आतली डिस्क जाईल आणि मग भाव कसला.

निगेटिव्हप्रिंट (ठाणे)

काका लाखमोलाचं बोललात. डिस्क जाते हे लोकांना माहीतच नसतं म्हणून विस्ताराने लिहितो.

वॉर्नरच्या २००६ ते २००८ या काळात बनलेल्या कितीतरी डीव्हीडी सडल्यात. वरून बघाल तर ओरखडा नाही, चकचकीत, प्लेअरमध्ये टाकली की एकतर घेतच नाही किंवा दुसरा थर सुरू होतो तिथे, साधारण सिनेमाच्या मध्यावर, चौकोन चौकोन होऊन अडकते. २०२५ मध्ये वॉर्नरने हे मान्य केलं आणि बदलून द्यायला सुरुवात केली. पण ज्या सिनेमाचे हक्क आता त्यांच्याकडे नाहीत तो मिळत नाही, त्याऐवजी दुसरं काहीतरी घ्यावं लागतं. आता विचार करा, त्या काळातला एखादा बॉक्ससेट 'फॅक्टरी सील' म्हणून तुम्ही दुप्पट-तिप्पट देऊन घेतला. सील फोडलं तर किंमत पडते म्हणून फोडत नाही. आत डिस्क जिवंत आहे की मेलेली हे विकणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. मी तर म्हणतो सीलबंद घेण्यापेक्षा फोडलेली, पूर्ण बघून तपासलेली प्रत जास्त किमतीची धरली पाहिजे.

दुसरं, बनावट माल. भाव चढला की नकली येतेच. क्रायटेरियन या अमेरिकन लेबलची 'सालो' या सिनेमाची १९९८ ची डीव्हीडी हक्काच्या भानगडीत लवकर बंद झाली आणि शेकडो डॉलरला जायला लागली, त्याबरोबर नकली प्रतींचा सुळसुळाट झाला. २००८ मध्ये क्रायटेरियननेच परत काढली तेव्हा ते सगळं बसलं.

ओळखायचं कसं? डिस्क हातात घ्या, उजेडात तिरकी धरा. मधल्या भोकाभोवती पारदर्शक कडं असतं आणि त्याला लागून एक बारीक आरशासारखी पट्टी. बहुतेक फॅक्टरी डिस्कवर तिथे आयएफपीआय ही इंग्रजी अक्षरं आणि पुढे कोड अगदी बारीक अक्षरात कोरलेला असतो, सोबत बारकोड किंवा आकडे. तिथे काहीच नसेल तर संशय घ्या. खालची बाजू बघा, घरी बर्न केलेल्या डिस्कचा रंग वेगळा लागतो आणि जिथपर्यंत लिहिलंय आणि जिथून कोरी आहे तिथे छटा बदललेली दिसते, गोल रेघ असल्यासारखी. मग कव्हरचा कागद, त्यावरची बारीक अक्षरं. स्कॅन करून छापलेली असतील तर कडा फुटलेल्या, काळ्या अक्षरात रंगीत ठिपके दिसतात, मोबाईलचा कॅमेरा झूम केला तरी कळतं. घेण्याआधी विकणाऱ्याकडे या तीन जागांचे फोटो मागा. खरा माल असेल तर तो आढेवेढे घेत नाही.

नवा_गडी (नाशिक)

मी अजून काहीच घेतलेलं नाहीये, नुकताच फोरके टीव्ही घेतलाय आणि प्लेअर बघतोय. २०२३ मध्ये ऑपेनहायमरच्या डिस्कवरून एवढा गोंधळ का झाला होता? ती लिमिटेड होती का? आणि अमेरिकेहून मागवलेली डिस्क इथे चालते का?

मुक्ता_एल

नवा_गडी, स्वागत आहे तुझं. ऑपेनहायमर बिलकूल लिमिटेड नव्हती, साधी नेहमीची रिलीज. नोव्हेंबर २०२३ मध्ये आली, दिग्दर्शक नोलन यांनी त्याआधी जाहीरपणे सांगितलं होतं की स्ट्रीमिंगवाला काढून घेऊ शकणार नाही अशी प्रत घरात असू द्या, लोकांनी ते मनावर घेतलं, पहिल्या आठवड्यातच ॲमेझॉन, वॉलमार्टमधून फोरके संपली. त्याबरोबर ईबेवर दुप्पट-तिप्पट भाव. युनिव्हर्सलने लगेच सांगितलं की अजून छापतोय, आणि छापल्याही, थोड्याच आठवड्यांत परत छापील भावात मिळायला लागली. म्हणजे ज्याने थोडं थांबायचं ठरवलं त्याला एक पैसा जास्त पडला नाही. रीळवेडा म्हणतात ती धास्ती हीच.

निगेटिव्हप्रिंट

आणि रीजनचं, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्या कोडचं, मी सांगतो. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५, ब्लूरेसाठी रीजन सी. अमेरिका ब्लूरेला ए आणि युके-युरोप बी. त्यामुळे क्रायटेरियनची अमेरिकन ब्लूरे, जी ए वर लॉक असते, ती आपल्या साध्या प्लेअरवर चालणार नाही. फोरके यूएचडी डिस्कला मात्र रीजन कोडच नसतो, कुठलीही कुठेही चालते. पण बॉक्समध्ये सोबत जी ब्लूरे असते आणि एक्स्ट्रा बऱ्याचदा त्याच ब्लूरेवर असतात, तिला रीजन असू शकतं, हे बघून घे.

प्लेअरमध्येही हाच फ्लिपिंगचा खेळ आहे. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं. त्यांचं यूडीपी-२०३ नवीन असताना ५४९ डॉलरला होतं, नंतर सेकंडहँड त्याच्या कितीतरी वर गेलं. सॅमसंगनेही पुढच्या वर्षी माघार घेतली. तू ओप्पोच्या मागे लागू नकोस, चालू कंपनीचा, वॉरंटीवाला घे. आणि बाहेरून मागवताना कस्टम धरूनच हिशोब कर, नाहीतर डिस्कएवढीच रक्कम दारात पोस्टमनला द्यायची वेळ येते.

कॅसेटकाका

व्हीएचएसचं ऐकलंत का? २०२२ च्या जूनमध्ये हेरिटेज ऑक्शन्सने सीलबंद टेपांचा लिलाव केला. 'बॅक टू द फ्यूचर'ची एक टेप ७५,००० डॉलरला गेली. ती त्या सिनेमातल्या नटाच्या स्वतःच्या संग्रहातली होती, टॉम विल्सन यांच्या, त्यामुळे ते एक वेगळं प्रकरण. पण त्यानंतर घरोघरी लोकांना वाटायला लागलं की माळ्यावर सोनं आहे. डिस्नेच्या काळ्या हिऱ्याच्या शिक्क्याच्या टेपांबद्दल तर कधीपासूनच बातम्या फिरतात, हजारो डॉलर म्हणून. मागणारे काहीही मागतात. प्रत्यक्ष विकल्या जातात त्यांचे आकडे बघितले तर बहुतेक किरकोळ.

माझ्या भाच्याने मला शिकवलं, ईबेवर डावीकडे 'सोल्ड आयटम्स'वर टिचकी मारायची म्हणजे खरंच कितीला गेलं ते दिसतं. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. धागा वाचणाऱ्यांनी निदान एवढं करावं.

रीळवेडा

काका +१. 'सोल्ड' न बघता भाव ठरवणारे इथेच खूप आहेत. एक जण अडीचशे मागतो, दुसरा ते बघून दोनशे ऐंशी लावतो, विकलं एकही जात नाही, पण तिसऱ्याला वाटतं बाजारभाव हाच.

आणखी एक. व्हिनेगर सिंड्रोमसारखी लेबलं पहिल्या काही हजार प्रतींना कागदी बाह्यकव्हर देतात, स्लिपकव्हर. तो नुसता पुठ्ठा! आज ईबेवर डिस्कशिवाय, केसशिवाय फक्त स्लिपकव्हर ३०-४० डॉलरला लावलेलं दिसतं. डिस्क लेबलकडे छापील भावात उपलब्ध असते, कधी सेलमध्येही. मला याचं वाईट वाटतं, कारण ते लेबल विस्मरणात गेलेल्या सिनेमांच्या निगेटिव्ह शोधून स्वतः स्कॅन करतं, फार मोठं काम आहे ते, आणि चर्चा होते ती पुठ्ठ्याची.

याउलट क्रायटेरियनचा सत्यजित राय यांच्या अपू त्रयीचा सेट बघा. मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या होत्या, त्यातून वाचलेले तुकडे दुरुस्त करून फोरके स्कॅन झालं, २०१५ मध्ये ब्लूरे आली. याहून मोलाची डिस्क कोणती असणार? पण तिच्यावर फ्लिपर बसला नाही, कारण क्रायटेरियन ती छापत राहिलं. जुलै आणि नोव्हेंबरच्या बार्न्स अँड नोबलच्या सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळायची.

गोदामवाला (मुंबई)

इतके दिवस नुसता वाचक होतो पण यावर लिहितो. मी पूर्वी होम व्हिडिओच्या धंद्यात होतो, कंपनीचं नाव सांगत नाही.

'छापत राहा' म्हणणं सोपं आहे. लायसन्स घेताना हक्कवाला आधी ठोक रक्कम मागतो, विकलं जावो न जावो. करारात मुदत असते, आणि कित्येक करारात प्रतींचा आकडाही लिहिलेला असतो. मुदत संपली की उरलेला माल विकायला थोडे महिने, मग विक्री बंद. शिवाय गोदामाचं भाडं, परत येणारा माल, आणि एकदा छापून ठेवलेल्या मालात अडकलेला पैसा. छोट्या लेबलने १०,००० छापून ३००० विकल्या तर ते लेबल त्या एका सिनेमात बसलं. ट्वायलाइट टाइमने ३००० चा आकडा धरला म्हणूनच कितीतरी सिनेमे डिस्कवर आले, नाहीतर आलेच नसते. मर्यादित काढण्याला सरसकट शिव्या देऊ नका एवढंच सांगायचंय.

पण एक मार्ग आहे. ऑर्डर आधी, छपाई नंतर. चार आठवडे खिडकी उघडी ठेवायची, जेवढ्या ऑर्डर आल्या तेवढ्याच छापायच्या, मग बंद. व्हिडिओ गेमच्या धंद्यात लिमिटेड रन गेम्स हेच करतं. लेबलचा पैसा अडकत नाही, ज्याला हवी त्याला मिळते, दहा मिनिटांची मारामारी नाही. हक्कवाल्याशी करार करताना आकडा न लिहिता मुदत लिहायची, थोडी घासाघीस करावी लागते पण होतं. आणि ऑर्डर रद्द करायला एक ठरावीक तारीख, त्यानंतर नाही.

सरळव्याज

गोदामवाला, तुम्ही म्हणता तसं सगळ्यांनी केलं तर माझा धंदा निम्म्याहून जास्त बंद होईल हे मला कळतं. तरी पद्धत योग्य आहे, हे मान्य. खिडकी चार आठवडे उघडी असेल तर पहिल्या दिवशी माझ्याकडून कोण घेईल? उरेल ते फक्त बंद पडलेल्या जुन्या टायटलचं काम. ते मी करत राहणार, आणि त्यात भाव जास्त असणार, कारण शोधण्यात आणि तपासण्यात वेळ जातो. निगेटिव्हप्रिंट यांनी लिहिलंय तसे कड्याचे फोटो मी यापुढे प्रत्येक लिस्टिंगला लावीन.

ॲड_सुमेधा

रद्द करायची तारीख आधी ठळक छापली आणि ऑर्डर करतानाच मान्य करून घेतली तर ती अट सहसा टिकायला हरकत नसावी. मी ज्या लेबलकडून नेहमी घेते त्यांना या खिडकी पद्धतीबद्दल ईमेल लिहितेय. आणखी कोणी लिहिणार असेल तर मजकूर इथे टाकते, आपापल्या नावाने पाठवा.

नवा_गडी

मजकूर टाका ताई, मी पण पाठवतो. आणि एक विचारायचं होतं, इथे आपापसात छापील भावात देवाणघेवाण होते का?

रीळवेडा

अजून नाही, पण करूया. या धाग्याच्या खाली वेगळा धागा काढतो. नियम मला दोनच हवेत. किंमत छापील भाव अधिक पोस्टेज, त्यावर काही नाही, आणि देण्याआधी डिस्क शेवटपर्यंत चालवून बघितलेली असली पाहिजे. माझ्याकडे ट्वायलाइट टाइमच्या काही दुबार प्रती आहेत, यादी उद्या टाकतो. डिसेंबरात पुण्याला येतोय, सामानात थोडी जागा आहे, पुणे-नाशिकवाल्यांच्या डिस्क माझ्या पत्त्यावर मागवल्या तरी चालेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि काका, तुमच्याकडच्या नाटकांच्या व्हीसीडी मला फक्त दोन दिवस द्या, ड्राइव्ह घेऊन येतो, सगळ्या उतरवून तुम्हाला परत.

कॅसेटकाका

या. एक खोका तर नक्की भरेल. कुठली नाटकं आहेत ती यादी करायला घेतो आजपासून.